जुन्या घराच्या लाकडी खिडक्या : बाजारातले पर्याय, बसवणी आणि तळाचे सहा इंच

जुन्या घराची लाकडी खिडकी खालून जाते. वरची आडवी पट्टी, बिजागऱ्यांकडची उभी बाजू, असली तर नक्षीसुद्धा शंभर वर्षांनी खणखणीत असते. झडपेची तळपट्टी, चौकटीचं खालचं आडवं लाकूड आणि दोन्ही उभ्यांचे तळाचे सहा इंच मात्र पेचकस टेकवला की भुसभुशीत लागतात. म्हणून सागवान कुठलं, पॉलिश कसलं, पितळ किती जाड हे प्रश्न दुसऱ्या फेरीला ठेवावेत. पहिला प्रश्न एकच विचारावा : या खिडकीच्या तळाशी पाणी आलं तर ते बाहेर कुठून पडतं? विकणाऱ्याकडे याचं उत्तर नसेल तर दराची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

या एकाच कसोटीवर इथे बाजारातले पर्याय तपासले आहेत. डोळ्यांसमोर घरं आहेत ती पुणे, सातारा, वाई, नाशिककडच्या वाड्यांची, मुंबईतल्या जुन्या बंगल्यांची, आणि कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या भिंतींची. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३००० च्या वर. त्यामुळे एकच खिडकी दोन्हीकडे सारखी टिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

सगळ्यात चांगली खिडकी : जी आधीच बसलेली आहे

नवी खिडकी घ्यायच्या आधी जुनी काढावी लागते का, हे बघा. परीक्षा सोपी आहे. बारीक टोकाचा पेचकस घ्या आणि चौकटीचं खालचं आडवं लाकूड, दोन्ही उभ्यांचा तळ, झडपेची तळपट्टी आणि गज शिरतात त्या भोकांच्या कडा अशा जागी दाबून बघा. टोक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत गेलं नाही तर लाकूड चांगलं आहे; वरचा रंग कितीही उडालेला असो. फक्त तळ गेला असेल तर तळच बदलायचा.

उभ्याचा कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही वर दोन इंच, कापून काढायचा. काप सपाट घ्यायचा नाही. बाहेरच्या बाजूला उतरता, तिरका घ्यायचा, म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी भिंतीकडे न जाता बाहेर ओघळतं. नवा तुकडा त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा, रेषा उभ्या ठेवून. चिकटवायला पाण्याला टिकणारा मरीन प्रतीचा गोंद किंवा इपॉक्सी, आणि दोन स्टेनलेसचे स्क्रू. सागवान तेलकट असतं, त्यामुळे गोंद लावण्याआधी दोन्ही तोंडं थिनरच्या फडक्याने पुसून लगेच जोडावी लागतात. ही पायरी गाळली की सांधा दुसऱ्या पावसाळ्यात उघडतो आणि दोष गोंदाला दिला जातो.

इपॉक्सीची लांबी (म्हणजे पुट्टी) भरून 'लाकूड वाचवतो' म्हणणारे बरेच भेटतील. बोटभर खड्डा भरायला ती ठीक आहे. जिथे कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसतो तिथलं लाकूडच गेलं असेल तर इपॉक्सी भार घेत नाही. आजूबाजूचं लाकूड फुगतं-आकसतं, इपॉक्सी तसंच राहतं, आणि मध्ये केसाएवढी फट पडून पाणी आत कोंडतं.

जुनी काच फुटली नसेल तर जपा. किंचित लाटा असलेली ती काच आज सहज मिळत नाही. लांबी सुकून दगड झाली असेल तर पटाशीने ठोकू नका. हीट गनने हळूहळू मऊ करा, काचेपुढे पत्र्याचा तुकडा धरून.

दुरुस्तीला आमचा पहिला कौल आहे. अडचण एवढीच की हे काम करणारा सुतार रोजावर येतो, चौरस फुटावर नाही; आणि ठेकेदाराला चौरस फुटाचं काम हवं असतं. 'ह्यात आता काही राम नाही' हे वाक्य बरेचदा तिथून येतं.

पाडकामाचं जुनं सागवान

पुण्यात भवानी पेठेचं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडचा परिसर, आणि गावोगावचे पाडकामवाले. वाडे पडतात तशा तुळया, खांब, दारं-खिडक्या इथे येतात. लाकूड खरंच उत्तम असू शकतं : सावकाश वाढलेल्या झाडाचं, पांढरा भाग (सालीलगतचं कोवळं लाकूड) जवळजवळ नसलेलं, आणि वाळून वाळून स्थिर झालेलं. पण 'जुनं' हे लेबल रंग लावूनही मिळतं. म्हणून टोकाला इंचभर ताजा काप मारून मागावा. खऱ्या जुन्या सागवानात कापाखाली लगेच सोनेरी-तपकिरी गाभा आणि तेलकट, कातड्यासारखा वास येतो. खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंडामुळे पडलेलं काळं वर्तुळ लाकडात खोल गेलेलं असतं. ते नकली करणं अवघड. वर काळपट आणि आत फिकट पिवळसर-पांढरं लागलं तर पुढच्या दुकानात जा.

हिशेब मात्र नीट करावा. तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच, दोन झडपांची तावदानी खिडकी घेऊ. चौकट ४ इंच बाय अडीच इंच. भिंतीत शिरणारी टोकं धरून लांबी १६ फूट, म्हणजे १.११ घनफूट. झडपांच्या पट्ट्या ३ इंच बाय दीड इंच. दोन्ही मिळून २४ फुटांच्या आसपास, म्हणजे ०.७५ घनफूट. तयार माल १.८६ घनफूट झाला. नव्या लाकडात रंधा, करवत आणि गाठी मिळून तयार मालाच्या तीस टक्के जादा धरलं की अडीच घनफूट घ्यावं लागतं. जुन्या तुळईत खिळ्यांची भोकं, जुन्या खाचा, टोकाच्या भेगा टाळत कापायचं तर घेतलेल्या मालातला चाळीस टक्के वाया जातो. म्हणजे तीन घनफुटांच्या वर लागतं. याचा अर्थ जुन्याचा दर नव्याच्या दराच्या किमान वीस-बावीस टक्क्यांनी खाली असेल तरच लाकडाचा खर्च सारखा पडतो, आणि खिळे काढायची मजुरी वेगळीच. करवतीचं पातं एका दडलेल्या खिळ्यावर गेलं की ते बिलही तुमच्याकडेच येतं. मालावर मेटल डिटेक्टर फिरवून मगच कापणारी वखार मिळाली तर थोडा जास्त दर द्यायला हरकत नाही.

तयार जुनी खिडकी उचलून आपल्या भोकात बसवायचा मोह टाळलेला बरा. झडपेच्या उभ्या पट्टीतून फार तर ८-१० मिलिमीटर रंधून काढता येतात. त्यापुढे गेलं की कुसूचा खांदा उघडा पडतो आणि सांधा ढिला होतो. उलट, खिडकी लहान पडली तर भिंतीतला काप लहान करणं सोपं असतं. म्हणून घ्यायचीच तर किंचित लहान घ्या.

नमुने आणि प्रमाणं बघायची असतील तर बाजारात जाण्याआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली दारं-खिडक्यांची दालनं पाहून यावीत. पट्टी किती बारीक आणि झडप किती जाड असते याचा अंदाज एकदा आला की दुकानातली जाडजूड 'वाडा स्टाइल' लगेच ओळखू येते.

नवं सागवान, सुताराच्या हातचं

इथे पहिली गल्लत नावाची. 'बर्मा टीक' म्हणून अजूनही सर्रास दर सांगितला जातो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. त्यानंतर तिथून येतो तो कापलेला माल. दुकानदार ताजे ओंडके दाखवून बर्मा म्हणत असेल तर कागद मागा. घाना, नायजेरिया, इक्वेडोर, पनामा अशा देशांतलं लागवडीचं सागवानही खूप येतं. ते वाईट नसतं, पण बऱ्याचदा कमी वयाच्या झाडाचं, आणि त्यात पांढरा भाग जास्त. सागवानाला वाळवी लागत नाही हे खरं आहे ते फक्त गाभ्याबद्दल. पांढरा भाग वाळवी आणि भुंगा दोघेही आवडीने खातात. पट्टीच्या एका कडेला अर्धा इंच पांढरं दिसलं आणि सुतार म्हणाला, 'साहेब, पॉलिशमध्ये जाईल', तर रंग जाईल. किडा जाणार नाही.

महाराष्ट्रातला माल घ्यायचा तर बल्लारशा, आलापल्लीकडचं सागवान वाड्याच्या कामाला पुरून उरतं. वन विकास महामंडळाच्या बल्लारशा डेपोतून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेल्यापासून त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. तेव्हापासून प्रत्येक वखारीत 'बल्लारशा' मिळू लागलं, हाही त्याचाच परिणाम. डेपोची पावती आणि वाहतूक परवाना असला तर बल्लारशा, नाहीतर नुसतं सागवान म्हणून त्याचा दर करा.

लाकडाच्या जातीपेक्षा ओलावा जास्त महत्त्वाचा. लाकडातल्या ओलाव्याच्या आयएस २८७ या भारतीय मानकात हवामानाच्या पट्ट्यांप्रमाणे मर्यादा दिलेल्या आहेत. व्यवहारात पुणे-नाशिककडे १२ टक्के आणि मुंबई-कोकण-गोव्यात १४ टक्क्यांच्या आसपासचं लाकूड चालतं. दोन सुयांचं ओलावा-मापक हजार-दोन हजारांत मिळतं, ते स्वतःचं असावं. पट्टीच्या वरच्या तोंडाला सुया टोचून उपयोग नाही, ते उन्हात वाळलेलंच असतं. टोकापासून फूटभर आत कापून घ्यायचं आणि ताज्या कापाच्या मधोमध वाचन घ्यायचं. १८ च्या वर आकडा आला तर माल महिनाभर तरी रचून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत ठेवावा लागेल किंवा भट्टीत वाळवावा लागेल.

का, ते आकड्यातच बघा. आडव्या कापाचं (फ्लॅट-सॉन, म्हणजे ओंडक्यावरून थर काढावेत तसं फाडलेलं) सागवान ओलाव्यातल्या दर एक टक्का फरकाला रुंदीत साधारण ०.१८ टक्के हलतं. उन्हाळ्यात १० आणि आषाढात १८ असा आठ टक्क्यांचा फरक पडला की रुंदी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. तावदानी झडपेत फक्त दोन उभ्या पट्ट्या फुगतात : ७५ अधिक ७५ मिलिमीटरवर मिळून दोन मिलिमीटर. तीच झडप ४३० मिलिमीटर रुंदीच्या अखंड चिकटवलेल्या फळीची असेल तर सहा मिलिमीटर. पावसाळ्यात अडकणारी आणि मग जानेवारीत फटीतून वारा घालणारी खिडकी तयार होते ती अशी. जुने सुतार फळ्यांच्या झडपेत फळ्या एकमेकींना चिकटवत नसत. जीभ आणि खोबण करून, मागच्या आडव्या पट्ट्यांवर मोकळ्या ठेवत, म्हणजे प्रत्येक फळी आपापल्या जागी हलते. आज 'मजबूत होईल' म्हणून सगळ्या फळ्या गोंदाने जाम केल्या जातात आणि दोन वर्षांत मधोमध तडा जातो. ऑर्डर देताना हे वाक्य लिहूनच द्या : फळ्यांच्या सांध्यात गोंद नको.

चौकटीचा सांधा खाच आणि कुसूचा, आरपार, पाचर मारलेला हवा. झडपेच्या पट्ट्यांना फक्त स्क्रू आणि गोंद लावून, कोपरा तिरका कापून जोडलेली झडप दुकानात सुंदर दिसते. तावदानांच्या वजनाखाली तिचा कोपरा खाली बसतो आणि कडी लागेनाशी होते.

कोकणात फणसाचा पर्याय विसरू नये. वाळवीला चांगला टिकतो, रंध्याला मऊ लागतो, पिवळा असतो तो काही वर्षांत तांबूस-तपकिरी होतो. फार लांब सरळ पट्ट्या मिळत नाहीत, पण चार फुटी खिडकीला त्याची गरजही नसते. घरच्या बागेतला फणस पडला असेल तर तो फोडून जळणात घालण्याआधी सुताराला दाखवा.

कारखान्यातल्या तयार लाकडी खिडक्या

तीन थर चिकटवून केलेली सरळ पट्टी, भट्टीत वाळवलेलं लाकूड, रबरी गॅस्केट, वरून आत झुकणारी किंवा पूर्ण उघडणारी झडप. पाणी आणि आवाज अडवण्यात यांना तोड नाही. तळाचा प्रश्नही यांनी नीट सोडवलेला असतो : चौकटीच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची पन्हाळी आणि पाणी बाहेर पडायला भोकं.

पण वाड्याच्या भिंतीत त्या बसत नाहीत, दिसायला. युरोपीय पद्धतीची पट्टी ६८ किंवा ७८ मिलिमीटर जाड असते. चौकट आणि झडप मिळून कडेला चार-साडेचार इंच लाकूड दिसतं. तीन फुटांच्या खिडकीत त्यामुळे काच निम्मीच उरते. मुंबईतल्या एखाद्या १९३०-४० च्या बंगल्याच्या मोठ्या खिडक्यांना, रस्त्यालगत आवाजाचा त्रास असेल तर, या चालतील. घेताना दोन गोष्टी बघा : बोटांसारखे सांधे दिसत असतील तर फिनिश अपारदर्शक रंगाचीच घ्या, पारदर्शक पॉलिशखाली ते सांधे उन्हात आधी उघडतात. आणि आतली यंत्रणा कोणत्या कंपनीची आहे ते लिहून घ्या. दहा वर्षांनी तिचा एक भाग न मिळाल्यामुळे अख्खी झडप बंद पडते.

लाकडासारखा फॉइल लावलेल्या यूपीव्हीसीबद्दल (कडक प्लास्टिकच्या खिडक्या) थोडक्यात : फ्लॅटला चांगलं. वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत, विशेषतः पश्चिमेच्या उन्हात, फॉइल फिकं पडतं आणि रुंद चौकट आतला प्रकाश खाते. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) चौकटी वाळवीला टिकतात खऱ्या, पण त्यांत बिजागरीचे स्क्रू लाकडाइतके घट्ट राहत नाहीत.

गोव्यात शिंपल्याच्या तावदानांची गोष्ट वेगळी आहे. बारीक लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत छोटे छोटे चौकोनी शिंपले एकावर एक किंचित चढवून सरकवलेले असतात. दुरुस्ती करताना पट्ट्या वरून सुट्या करायच्या, शिंपला कधीही पुढे ढकलायचा नाही, काठ चुरतो. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. म्हणून जुन्याच खिडक्यांतला माल वापरावा आणि त्याचा कागद ठेवावा. फुटलेल्या जागी दुधी काच बसवणारे आहेत. प्रकाश साधारण तसाच येतो, पण शिंपल्याची झाक येत नाही. लांबच्या खिडकीत चालून जातं, दर्शनी खिडकीत नको.

बसवणी : पैसे इथे खर्च करा

उत्तम लाकडाची खिडकी वाईट बसवली तर पाच पावसाळ्यांत तळ जातो. मध्यम लाकडाची नीट बसवली तर पंचवीस वर्षं निघतात.

जुनी चौकट काढताना सब्बल लावून उपटू नका. वाड्याच्या भिंतीत वरचा आधार बहुधा लाकडी पाटाचाच असतो आणि भिंतीच्या दोन विटांच्या तोंडांमध्ये मातीचा भराव असतो. हादऱ्याने तो सुटतो. आधी वरच्या पाटाला आतून-बाहेरून टेकू द्यायचे. मग चौकटीचे उभे मधोमध करवतीने कापून तुकड्यातुकड्याने काढायचे. वरचा पाटही त्याच वेळी पेचकसाने तपासून घ्या. तो गेलेला असेल तर खिडकीआधी त्याचं काम.

भिंतीतला काप चौकटीपेक्षा चहूबाजूंनी १० ते १२ मिलिमीटर मोठा ठेवा. चौकटीच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना बसवण्याआधी दोन हात प्रायमर, आणि टोकांच्या कापांना तीन हात. पाणी लाकडात शिरतं ते बहुतेक टोकाच्या कापातून, तोंडावरून नव्हे. डांबर लावायची जुनी पद्धत आहे. सिमेंटच्या भिंतीत ती चालते. ओल श्वासावाटे सोडणाऱ्या चुन्याच्या भिंतीत डांबराच्या थराआड ओल अडकते, म्हणून तिथे प्रायमरच बरा.

चौकट उभी करून चारही कोपऱ्यांत आणि उभ्यांच्या मागे लाकडी पाचरी. ओळंबा दोन्ही दिशांनी बघा, आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) घट्ट करायचे नाहीत. उभ्यांच्या मधोमध आतून एक आडवी पट्टी ठोकून ठेवा, म्हणजे भराव करताना उभे आत वाकत नाहीत. ही पट्टी न ठोकल्यामुळे पोट आत आलेल्या चौकटी किती तरी घरांत दिसतात.

होल्डफास्ट ४० बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीचे, ३०० ते ४०० मिलिमीटर लांब, चौकटीला स्क्रूने नव्हे, बोल्टने. साडेचार फुटांच्या खिडकीला प्रत्येक बाजूला दोन पुरतात, तीन असले तर उत्तम. पक्क्या विटांच्या भिंतीत ते काँक्रीटच्या छोट्या ठोकळ्यात गाडायचे. वाड्याच्या मऊ भिंतीत डॅश फास्टनर (भोकात फाकून घट्ट बसणारे बोल्ट) धरत नाहीत. विटेचा चुरा होतो. तिथे जवळचा लाकडी खांब किंवा पाट असेल तर त्यालाच चौकट जोडावी, नाहीतर भिंतीची एक जोडी वीट काढून त्या जागी ठोकळा भरावा. ठोकळ्याला किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय झडपा अडकवायच्या नाहीत.

फटीत आधी काथ्याची किंवा तागाची दोरी घट्ट दाबायची, मग १:३ चुना-वाळू, सुरखी (विटांची पूड) मिळाली तर तीही. पीयू (पॉलियुरेथेन) फोम झटपट होतो, पण चुन्याच्या भिंतीतली ओल फोमपाशी अडकते आणि चौकटीच्या पाठीला बुरशी धरते. भिंतीवर सिमेंटचा गिलावा चौकटीच्या अंगावर चढवणं ही सगळ्यात सर्रास चूक. गिलावा चौकटीपाशी खाच ठेवून थांबवा, आणि ती खाच लवचिक सीलंटने भरा.

आता तळ. खिडकीखाली कडप्प्याची सिल घाला, बाहेर १:१० उतार, भिंतीच्या बाहेर किमान ४० मिलिमीटर. खालच्या बाजूला कडेपासून इंचभर आत एक खोबण मारा, म्हणजे पाणी मागे वळून भिंतीवर येत नाही. सिलची दोन्ही टोकं भिंतीत शिरतात तिथे थोडी उंच ठेवा. चौकटीचं खालचं आडवं लाकूड सिलवर थेट बसवू नका. ५-६ मिलिमीटर फट ठेवून सीलंट आतल्या बाजूनेच भरा, बाहेरची बाजू मोकळी.

वाड्याच्या खिडकीत चौकटीत गज असतात आणि झडपा आत उघडतात, त्यामुळे पाणी झडपेच्या तळपट्टीवरून ओघळून आत येतं. यावर इलाज दोन. झडपेच्या तळपट्टीवर बाहेरून एक तिरकी पट्टी स्क्रूने लावा, तिच्या खाली खोबण. आणि चौकटीच्या खालच्या लाकडात, झडप टेकते त्या कडेच्या पुढे, १२ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल पन्हाळी काढून त्यातून बाहेर उतरती १० मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा. दर पावसाळ्याआधी ती भोकं तारेने साफ करायची. एवढंच.

गजांच्या भोकांकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि कुजणं बरेचदा तिथूनच सुरू होतं. लोखंडी गज तळाच्या लाकडात उतरतो त्या भोकात पाणी साचतं, गंज चढून लोखंड फुगतं, आणि लाकूड रेषेतून फाटतं. म्हणून गज गॅल्व्हनाइज्ड घ्या, समुद्राजवळ स्टेनलेसचे. भोक आरपार न पाडता २० मिलिमीटर खोल ठेवा, तळाशी सीलंट भरून गज बसवा, आणि भोकाभोवती लाकूड किंचित उंचवटा ठेवून गोल करा. नवीन खिडकीत सुताराला हे आधी सांगितलं तर जादा वेळ फारसा लागत नाही. नंतर सांगितलं तर तो नाही म्हणणारच.

झडप आणि चौकटीत फट किती? उन्हाळ्यात बसवताना ३ मिलिमीटर, ऐन पावसाळ्यात २. जूनमध्ये घट्ट झाली म्हणून लगेच रंधू नका. गणपतीनंतर पंधरा-वीस दिवस कोरडे गेले की बघा.

काच, बिजागरी, रंग

तीन फुटी खिडकीला ४ मिलिमीटरची काच पुरते. जमिनीलगत किंवा मुलांच्या हाताशी असेल तर टफन्ड किंवा लॅमिनेटेड. आवाजासाठी ६.३८ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच बसवता येते, पण ती चौरस मीटरला साधारण १५ किलो भरते, तेव्हा बिजागऱ्या तीन, ४ इंची, पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या. दुहेरी काच जुन्या दीड इंचाच्या पट्टीत मावत नाही, मावतेय म्हणणाऱ्याने खाच जास्त खोल केलेली असते. लांबी खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची, बाहेरच्या बाजूने तिरकी. तेल लाकडात शोषलं जाऊ नये म्हणून आधी खाचेला प्रायमर. नाहीतर लांबी कोरडी पडून वर्षात सुटते.

बाहेरच्या झडपेला मेलामाइन पॉलिश कधीच नको, ते आतल्या फर्निचरचं काम. उन्हात यूव्ही टिकणारा बाहेरच्या प्रतीचा पीयू किंवा चांगला ऑइल पेंट. पारदर्शक पॉलिश पश्चिमेला दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. रंग त्याहून बराच जास्त टिकतो. सागवान दिसावं म्हणून पॉलिशचा हट्ट धरणाऱ्यांना हा हिशेब आधी सांगावा. जुन्या खिडक्यांवर पूर्वी हिरवा-निळा ऑइल पेंटच असायचा, आणि तो उगीच नव्हता.

परवानगी आणि ऑर्डर

मुंबईत १९९५ च्या हेरिटेज नियमावलीपासून इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. पुणे महापालिकेचीही यादी आहे. आपलं घर किंवा परिसर यादीत असेल तर बाहेरून दिसणारी खिडकी बदलण्याआधी वारसा समितीची परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीला जुन्या मापाचा आणि नमुन्याचा फोटो-आराखडा जोडला की काम सोपं जातं. 'नवीन डिझाइन' असा शब्द अर्जात आला की फाइल थांबते.

कोटेशनमध्ये 'सागवान खिडकी, अमुक चौरस फूट' एवढंच असेल तर परत पाठवा. चौकट आणि झडपेची मापं रंध्यानंतरची, लाकडाचं मूळ, कापलेल्या टोकावरचा ओलावा, पांढरा भाग नाही ही अट, सांधा कसला, तळाची पन्हाळी आणि भोकं, सिल कोण घालणार, फट कशाने भरणार, जुन्या काचा कोणाच्या, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. चौकट वखारीतून निघण्याआधी, रंग लावायच्या आधी, एकदा जाऊन बघा; प्रायमरखाली पांढरं लाकूड आणि भरलेल्या गाठी दोन्ही लपतात. आणि पैशांचा शेवटचा हप्ता, दहा टक्के का होईना, पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. सुतार चांगला असेल तर तो यावर वाद घालत नाही. तो फक्त विचारतो की पश्चिमेची खिडकी कोणती.